राखणीचा कुत्रा आणि घोडदळातला कॅप्टन

चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागलात, की भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे पडता पडता एक गोष्ट तुमच्या नजरेत आली असेल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फाटकंच फाटकं. आत कुठे बंगला, कुठे फार्महाऊस, कुठे नुसताच तारेचं कुंपण घातलेला प्लॉट. आणि फाटकावर कुत्र्यापासून सावध राहायला सांगणारी पाटी. त्या पाटीवर बहुतेक वेळा एकच चेहरा छापलेला असतो. उभे कान, लांब तोंड, काळी-तपकिरी पाठ. आपले आजी-आजोबा त्याला अल्सेशियन म्हणायचे. सिनेमात तो पोलिसांचा कुत्रा असतो. तुमच्या रील्समध्ये तो जीएसडी, म्हणजे जर्मन शेफर्ड.

आता शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. मग मेंढ्या वळणारा कुत्रा बंगल्याच्या पाटीवर कसा काय जाऊन बसला? तो आपोआप नाही बसला. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या एका माणसानं त्यासाठी ३६ वर्षं खर्ची घातली. त्याची गोष्ट तुम्ही वाचावी याला एक कारण आहे. आज ना उद्या तुमच्या घरात, नाहीतर मित्राच्या घरात हा विषय निघणार. रानात घर बांधलंय, रात्री तिथं कुणी नसतं, एखादा ट्रेन्ड कुत्रा आणून ठेवू या. आणि मोबाइलवर शोधायचं काम घरातल्या कॉलेजवाल्याकडेच येणार. तुम्ही सर्च मारणार आणि समोर येणार दात विचकून माणसाच्या हाताला लटकलेला कुत्रा. तो बघून भारी वाटतं आणि तिथंच निवड चुकते. का चुकते, ते या माणसाच्या आयुष्यातून नीट कळतं.

व्हायचं होतं शेतकरी, झाला घोडेस्वार

मॅक्सचा जन्म ३० डिसेंबर १८६४ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातला. घराणं खानदानी. पोराला शेतीची आवड, पण घरच्यांच्या मनात सैन्य. आपल्याकडे इंजिनिअरिंगला ढकलतात तसं त्याला सैन्यात ढकललं म्हणा ना. तो घोडदळात अधिकारी झाला. नोकरीच्या काळात काही दिवस त्याची नेमणूक बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाली. तिथं जनावराचं शरीर कसं असतं, हाडं-सांधे कसे चालतात, एखादा प्राणी न थकता तासन्‌तास कसा धावतो, याचं ज्ञान त्याला मिळालं. पुढं आयुष्यभर उपयोगी पडलं ते हेच शिक्षण.

त्या काळात जर्मनीत मेंढपाळांकडे कुत्रे होतेच. पण जिल्हागणिक वेगळे. कुठे आखूड शेपटीचे, कुठे लांब केसांचे, कुठे पडक्या कानांचे. त्यांना कुणी जात म्हणून मोजत नव्हतं. मेंढपाळाचा कुत्रा तो मेंढपाळाचा कुत्रा. आपल्याकडे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांबरोबर असतात ना, उन्हापावसात चालणारे, रात्री वाड्याभोवती जागणारे, तसेच. त्यांचे फोटो कुणी काढत नाही, पण त्यांच्याशिवाय धनगराचं चालत नाही.

मॅक्सनं असे कुत्रे काम करताना पाहिले. शेकडो मेंढ्यांचा कळप आणि एक कुत्रा. मालकाची एक खूण झाली की तो निघाला. मेंढी चुकारपणे पिकात शिरली की तिला परत आणायची, पण जखम करायची नाही. स्वतःच्या डोक्यानं निर्णय घ्यायचा आणि तरी मालकाकडे कान ठेवायचा. हा जो मेळ आहे, ताकद, अक्कल आणि ताबा यांचा, तो त्याच्या मनात रुतून बसला.

याच सुमाराला जर्मनीत काही हौशी लोकांनी एक संस्था काढली होती. तिचं नाव फायलॅक्स. १८९१ साली सुरू झालेली ही संस्था तीन-चार वर्षांतच गुंडाळली गेली. सभासदांचं आपसात पटेना. काहींना कुत्रा कामाचा हवा होता, तर काहींना लांडग्यासारखा दिसणारा, रुबाबदार हवा होता. शंभर-सव्वाशे वर्षं झाली, हे भांडण अजून मिटलेलं नाही. तुमच्या घरात कुत्रा घ्यायचा विषय निघेल तेव्हा तेच भांडण होणार आहे, लिहून ठेवा.

दोनशे मार्कांचा कुत्रा

१८९८ च्या आसपास मॅक्सच्या आयुष्यानं वळण घेतलं. त्याला कॅप्टनच्या बरोबरीचा हुद्दा मिळाला आणि त्यानं एका अभिनेत्रीशी लग्न केलं. खानदानी अधिकाऱ्यानं नाटकात काम करणाऱ्या बाईशी लग्न करणं त्या समाजाला मान्य नव्हतं. नोकरी सुटली. वय ३४, हाताशी रिकामा वेळ आणि म्युनिकजवळ ग्राफ्राथ इथं थोडी जमीन.

३ एप्रिल १८९९. कार्ल्सरुह शहरात कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मॅक्स एका मित्राबरोबर तिथं गेला आणि एका कुत्र्यापाशी थबकला. नाव हेक्टर लिंक्सर्‌हाइन, वय चार वर्षं. उंचीनं दोन फुटांच्या आसपास, म्हणजे काही अवाढव्य नाही. पण बांधा काटक, नजर सावध आणि स्वभाव स्थिर. हा नुसता शोभेचा कुत्रा नव्हता, तर मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला होता. मॅक्सनं तो विकत घेतला. दोनशे मार्क मोजले असं सांगतात. त्याचं नाव बदलून ठेवलं होरांड फॉन ग्राफ्राथ.

त्याच महिन्यात, २२ एप्रिल १८९९ ला, जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संस्था स्थापन झाली आणि मॅक्स तिचा पहिला अध्यक्ष झाला. संस्थापकांत कारखानदार होते तसे प्रत्यक्ष मेंढ्या राखणारेही होते. संस्थेच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर नाव चढलं होरांडचं. आज जगात जे जर्मन शेफर्ड आहेत, पौडच्या फाटकामागे भुंकणारे धरून, ते जवळजवळ सगळे या एका कुत्र्यापर्यंत मागं जातात.

इथं एक लक्षात घ्या. प्रदर्शनात त्या दिवशी होरांडपेक्षा मोठे, देखणे कुत्रे असणारच. मॅक्सनं निवडलं ते शरीर आणि मन दोन्ही पाहून. कुत्र्याचं सौंदर्य त्याच्या कामात असतं असं तो मानायचा. काम जमत असेल तर तो सुंदर, जमत नसेल तर केस कितीही चमकू देत, उपयोग नाही. रंगाला तर तो फार कमी महत्त्व द्यायचा.

मेंढ्या गेल्या, आता काय?

पण झालं काय, की ज्या कामासाठी हा कुत्रा होता तेच काम कमी व्हायला लागलं. जर्मनीत कारखाने वाढले, रेल्वे आली, कुरणं आटली, कळप घटले. मुळशीत राहणाऱ्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जमिनीचा वापर बदलला की जनावराचं आणि माणसाचं कामही बदलतं. भातखाचरांच्या जागी प्लॉट पडलेले तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत.

बिनकामाचा कुत्रा चार पिढ्यांत नुसता शोभेचा होतो, हे मॅक्सला कळत होतं. म्हणून त्यानं नवं काम शोधलं. कळप राखणारा कुत्रा माणूसही राखू शकेल, असा त्याचा हिशेब. पोलिसांच्या मागं लागून त्यानं त्यांना कुत्रे वापरायला सांगितलं. सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण युरोपात वारं बदलत होतं. बेल्जियममधल्या गेंट शहरानं १८९९ मध्येच रात्रीच्या गस्तीसाठी पोलीस कुत्रे ठेवायला सुरुवात केली होती. हळूहळू जर्मन पोलिसांनीही शेफर्ड स्वीकारला.

मग पहिलं महायुद्ध आलं. हजारो कुत्रे आघाडीवर गेले. निरोप पोचवायला, पहाऱ्याला, जखमी सैनिक शोधायला. आणि याच युद्धातून एक वेगळीच गोष्ट निघाली. विषारी वायूनं आणि स्फोटांनी अनेक सैनिकांची दृष्टी गेली होती. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग इथं डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनी वाटाड्या कुत्र्यांची शाळा काढली. अशी ती जगातली पहिली शाळा. अंध माणसाला रस्ता ओलांडून देणारे ते कुत्रे प्रामुख्यानं जर्मन शेफर्डच होते.

बघा हं, एकाच वंशाचा कुत्रा चोर पकडतो आणि अंध माणसाला हाताला धरून नेल्यासारखं नेतोही. हे कसं जमतं? कारण मुळात निवडलेली गोष्ट चावण्याची हौस नव्हती. निवडलेला होता शांत, धीट आणि माणसाचं ऐकणारा स्वभाव.

परीक्षेत चावण्याला किती मार्क?

मॅक्स आणि त्याच्या संस्थेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुत्र्यांसाठी एक परीक्षा उभी केली. तिचं जर्मन नाव शुट्झहुंड, म्हणजे सरळ मराठीत राखणीचा कुत्रा. तिचे तीन भाग. पहिल्यात वास घेत माग काढायचा. दुसऱ्यात आज्ञा पाळायच्या. तिसऱ्यात संरक्षण. तिन्ही भागांना सारखेच गुण. म्हणजे ज्याचा व्हिडिओ व्हायरल होतो तो चावण्याचा भाग पेपरचा एक तुकडा फक्त. माग काढण्यात किंवा आज्ञेत नापास, तर कुत्रा नापास.

आता त्या तिसऱ्या भागाची गंमत ऐका. मैदानात आडोसे उभे केलेले असतात. त्यातल्या एकामागे जाड बाही घातलेला माणूस लपतो. कुत्र्यानं त्याला शोधायचं. माणूस सापडला आणि तो स्तब्ध उभा असेल, तर कुत्र्यानं फक्त भुंकायचं. चावला की गुण गेले. माणूस पळाला किंवा अंगावर आला तरच पकडायचं. आणि मालकानं एकदा सांगितलं की पकड सोडायची. जोशात असतानाही सोडायची. जो कुत्रा सोडत नाही, तो परीक्षेत बाद होऊ शकतो.

शिवाय या परीक्षेला बसण्याआधी आणखी एक परीक्षा द्यावी लागते. त्यात कुत्र्याला रहदारीत नेतात. सायकलवाला, धावणारा माणूस, गर्दी, दुसरे कुत्रे. या सगळ्यांतून तो शांतपणे चालला पाहिजे. नावं आणि नियम आता बदललेत, पण गाभा तोच आहे. संरक्षणाच्या पहिल्या पायरीला बसायला कुत्रा किमान दीड वर्षाचा लागतो. सहा महिन्यांचं फुल्ली ट्रेन्ड प्रोटेक्शन डॉग विकायला आहे अशी जाहिरात दिसली, तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

व्हायरल झाल्याचा फटका

१९१८ मध्ये एका अमेरिकन सैनिकाला फ्रान्समध्ये जर्मन शेफर्डची पिल्लं सापडली. त्यातलं एक तो अमेरिकेला घेऊन गेला. तेच पुढे रिन टिन टिन या नावानं मूकपटांचा स्टार झालं. १९२० च्या दशकात अमेरिकेत, युरोपात ज्याला त्याला हाच कुत्रा हवासा झाला. ब्रिटनमध्ये तर युद्धामुळे जर्मन हा शब्दच नको होता, म्हणून त्यांनी त्याचं बारसं अल्सेशियन असं केलं. जर्मन शेफर्ड हे नाव तिथं परत यायला १९७७ उजाडलं. आपल्या आजोबांच्या तोंडात अल्सेशियन हा शब्द का, त्याचं उत्तर हे.

मागणी वाढली की पुढं काय होतं ते तुम्ही ट्रेंडिंग स्नीकर्सच्या बाबतीत बघता. डुप्लिकेट येतात. कुत्र्यांच्या बाबतीत बेजबाबदार पैदास सुरू झाली. ज्यांना कुत्र्यातलं काही कळत नव्हतं असे लोक पिल्लं काढून विकू लागले. भित्रे, चिडके, बोजड कुत्रे वाढले. जर्मनीतही प्रदर्शनं जिंकणारे कुत्रे उंच आणि चौकोनी होत चालले होते. दिसायला भरदार, पण मेंढरामागं दिवसभर धावणारा तो काटकपणा हरवत होता.

मॅक्सनं दोन गोष्टी केल्या. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पैदाशीसाठी वापरायच्या कुत्र्यांची तपासणी सुरू झाली. शरीर, स्वभाव, दोष सगळं तपासून कुठला कुत्रा पैदाशीला योग्य आणि कुठला नाही हे लिहून ठेवायचं. दुसरी गोष्ट १९२५ ची. वार्षिक स्पर्धेत सर्वोत्तम नर निवडायचा होता. सगळ्यांच्या नजरा भल्यामोठ्या कुत्र्यांवर. मॅक्सनं पहिला नंबर दिला क्लोडो फॉन बॉक्सबर्ग नावाच्या कुत्र्याला. तो तेव्हाच्या चालीपेक्षा बुटका, लांबट आणि लांब पावलं टाकत धावणारा होता. अनेक जाणकारांना धक्का बसला. नामांकित ब्रीडरांच्या कुत्र्यांची किंमत त्या एका निकालानं खाली आली असणार. पण पुढच्या पिढ्यांची दिशा त्यानं बदलली. आपणच उभ्या केलेल्या संस्थेत, आपल्याच माणसांच्या आवडीविरुद्ध निकाल द्यायला हिंमत लागते.

पट्टा कुणाच्या हातात?

ही गोष्ट इथंच गोड करून संपवता आली असती. पण मॅक्सला देव करण्याचं कारण नाही. एकाच कुत्र्याचा वंश वाढवण्यासाठी त्यानं जवळच्या नात्यातल्या कुत्र्यांची जोडी भरपूर लावली, आणि अशा पैदाशीत दोषही घट्ट होतात. त्याच्या लेखनात कुत्र्यांच्या वंशाबद्दल बोलता बोलता माणसांच्या वंशाबद्दलचे त्या काळचे विषारी पूर्वग्रहही डोकावतात. ते वाचून आज अंगावर काटा येतो, कारण जर्मनी पुढे कुठे गेली हे आपल्याला माहीत आहे.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. देशातली प्रत्येक संस्था त्यांना आपल्या मुठीत हवी होती, कुत्र्यांचीसुद्धा. १९३५ मध्ये मॅक्सला त्यानंच काढलेल्या संस्थेचं अध्यक्षपद सोडावं लागलं. ३६ वर्षांचं काम हातातून गेलं. २२ एप्रिल १९३६ ला, ड्रेस्डेनमध्ये तो वारला. संस्थेच्या स्थापनेला त्याच दिवशी ३७ वर्षं पूर्ण होत होती.

त्यानंतर छळछावण्यांच्या तारेबाहेर पहाऱ्याला उभे राहिले ते याच जातीचे कुत्रे. अंध सैनिकाला रस्ता दाखवणारा कुत्रा आणि छावणीतल्या कैद्यावर सोडलेला कुत्रा, रक्त एकच. प्रशिक्षण म्हणजे कुत्र्याला एक शस्त्र देणं असतं. ते कशासाठी वापरायचं हे कुत्रा ठरवत नाही. हे तुमच्या घरच्या फाटकालाही लागू आहे, फक्त प्रमाण लहान.

आपल्या मातीतलं काय?

असा मॅक्स आपल्याकडेही थोडाफार होऊन गेला. मुधोळ संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थानिक लोकांकडचे सडपातळ, वाऱ्यासारखे पळणारे शिकारी कुत्रे पाहिले आणि निवडून निवडून त्यांची पैदास केली. इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला त्यांनी एक जोडी भेट दिली होती. तोच आजचा मुधोळ हाउंड. अलीकडच्या काळात भारतीय लष्करानंही तो प्रशिक्षणाला घेतला. पण लक्षात ठेवा, हा नजरेनं सावज हेरून धावणारा कुत्रा आहे. गावठी म्हणून हिणवू नका आणि चोराला धरून ठेवेल अशी अपेक्षाही करू नका. प्रत्येक कुत्र्याचं काम त्याच्या रक्तात आधी लिहिलेलं असतं, प्रशिक्षण त्याला वळण देतं.

आणि पुण्याच्या शिवाजीनगरला राज्याच्या सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मुंबई पोलिसांचा गाजलेला झंजीर तिथंच शिकला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी त्यानं ३,३०० किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. किती माणसं त्यामुळे वाचली याचा हिशेब कोण करणार? हा झंजीर लॅब्रॅडॉर होता. दात विचकणारा नव्हेच. एक नाक, एक हँडलर आणि दोघांचा रोजचा सराव, एवढंच त्याचं भांडवल.

मग पौडला कुत्रा घ्यायचा की नाही?

घ्या की. पण घरच्यांना आधी एक प्रश्न विचारा. आपल्याला नक्की हवंय काय? कुणी आलं तर भुंकून जागं करणारा कुत्रा हवा, की माणसाला पकडणारा? बहुतेक घरांना पहिला पुरतो. त्यासाठी एखादा धीट गावठी कुत्राही छान तयार होतो, आणि मुळशीचा पाऊस त्याला सोसतो. दुसऱ्या प्रकारचा कुत्रा म्हणजे रोजची जबाबदारी. तो आणून ठेवायची वस्तू नाही.

ठरवलंच असेल तर मॅक्सच्या पद्धतीनं बघा. पिल्लू घ्यायचं असेल तर त्याची आई बघायला मागा. ती अनोळखी माणसाला कशी वागते? दाखवत नसतील तर परत या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्या देशात परवानगी नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद असावी लागते, हे २०१७ च्या नियमांत आहे. आईबापांच्या मागच्या पायांच्या खुब्याचे एक्स-रे विचारा. या जातीत खुब्याचं दुखणं फार आहे.

तयार, शिकलेला कुत्रा घेत असाल तर त्याला चावताना बघू नका, सोडताना बघा. एका हुकमावर सोडतो का? आणि मग त्याला घेऊन पौडच्या बाजारपेठेतून एक फेरी मारा. एसटीचा हॉर्न, भाजीवाल्यांची गर्दी, पळणारी पोरं, रस्त्यावरची कुत्री. शेपूट पायांत घालतोय किंवा प्रत्येकावर धावतोय, तर तो राखणीचा नाही. घाबरलेला कुत्रा सगळ्यात आधी चावतो, आणि तोही चुकीच्या माणसाला.

कारण तुमच्या फाटकाशी चोर वर्षातून एकदा येईल, न येईल. दूधवाला रोज येतो. मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस येतो. राखणदार जोडप्याची लहान पोरं आतच खेळतात. शेजारच्या वस्तीतली मुलं शाळेतून त्याच वाटेनं जातात. कुत्र्यानं आयुष्यभर याच लोकांत राहायचंय. त्यानं कुणाला इजा केली आणि त्यात मालकाचा निष्काळजीपणा असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ते सोडा, वस्तीत तुमचं नाव राहणार नाही.

आणि साखळी. शनिवारी-रविवारी येणारे मालक, आणि सोमवार ते शुक्रवार खांबाला बांधलेला कुत्रा, हे चित्र आपल्या भागात नवं नाही. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायचंच नाही, हा प्राण्यांशी क्रूरपणा रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. असा कुत्रा वेडापिसा होतो. त्यात आपल्याकडे बिबटे आहेत. रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. त्याला रात्री बंद होणारी, पक्क्या जाळीची जागा हवी. उन्हाळ्यात दाट केसांच्या शेफर्डला सावली आणि भरपूर पाणी, पावसाळ्यात गोचिडांवर रोज नजर. रेबीजची लस तर चुकवायचीच नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. हा कुत्रा ऐकणार कुणाचं? बाबा ऑफिसला, तुम्ही कॉलेजला, उद्या नोकरीला बंगळुरूला जाणार. प्रशिक्षण ट्रेनरबरोबर संपत नाही, ज्याच्याकडे पट्टा आहे त्यानंही शिकावं लागतं. रोज तास-दीड तास, दहा-बारा वर्षं. तेवढा वेळ देणारं एक माणूस घरात असेल, तर त्याच्या नावावर कुत्रा घ्या. ते माणूस तुम्ही असाल तर फारच छान. नसेल कुणी, तर फाटकाला चांगलं कुलूप आणि दिवा लावा. त्यात कमीपणा काही नाही, आणि एक मुका जीव खांबाला बांधला जाण्यापासून वाचेल.